गार माप

कोकोमोत जानेवारीत लोखंड बोटांना चिकटतं.
म्हणून व्हर्लिन स्टोफर आधी हीटर लावतो,
मग कॉफी, मग रेडिओवर मक्याचे भाव,
आणि इंजिनावरची चादर सगळ्यात शेवटी काढतो,
झोपलेल्याला उठवावं तशी, पायाकडून.

साडेतीनशेचा ब्लॉक, ओतीव,
कुणाच्या तरी गंजक्या पिकअपमधून निघालेला.
रॉयस हॉकला तो एप्रिलपासून मातीच्या ट्रॅकवर पळवायचाय,
दर शनिवारी, बायको नाही म्हणेपर्यंत.

डायल इंडिकेटर मी डेकवर शून्याला आणते.
क्रँक फिरवते. पिस्टन वर येतो
आणि जिथे तो धड चढत नाही, धड उतरत नाही
तिथे काटा क्षणभर विचारात पडतो.
त्याचा माथा डेकच्या किती खाली राहिला
ते हजारांश इंचात वाचायचं.
उद्यमनगरात आबा याला थाऊ म्हणतात,
भावकीतलाच कुणी असावा तसं,
थोडा आगाऊ.

गेल्या हिवाळ्यात मी एकाच काठाला मोजलं.
पिस्टन पिनवर डुलतो, हे ठाऊक असून.
वाचलं सत्तावीस, खरं होतं बावीस.
लोभाने एकतीस कापले.
गॅस्केट एकोणचाळीस,
म्हणजे कागदावर पस्तीस उरले.
कागद खूश होता.

मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, सात हजार आरपीएमला,
डब्याच्या झाकणावर नख वाजावं तसा आवाज आला.
हेड उतरवलं.
काजळीत, तीन नंबरच्या काठाशी,
चकचकीत कोर,
कापून टाकलेल्या नखाएवढी.

व्हर्लिन काही बोलला नाही.
हेड बाकावर ठेवलं, दिवा त्याच्यावर वळवला
आणि जेवायला निघून गेला.

मी कोल्हापूरला फोन लावला.
मागे लेथ चालू होता, मग बंद झाला.
"गार लोखंडाचं माप घेतलंस," आबा म्हणाले,
"आन् तेबी एका अंगानं.
पळताना रॉड लांबतो, पोरी.
बेअरिंगातली फट एकीकडं सरकती.
पिस्टन मान टाकतो.
तेवढी जागा आधीच सोडायची असती.
जास्त सोडलीस तर इंजिन आळशी, कमी सोडलीस तर हे असं."
थोडं थांबून,
"किती कापलंस?"
सांगितलं.
"म्या त्र्याऐंशीत पंचेचाळीस कापलं हुतं.
मालकाला अजून सांगितलेलं न्हाई."
आणि लेथ पुन्हा चालू झाला.

आता मी पिनच्या रेषेवर मोजते,
चारही कोपऱ्यांचे पिस्टन, प्रत्येक दोनदा.
एक नंबर बावीस, सात नंबर पंचवीस.
डेक तिरका आहे, कारखान्यातूनच,
पन्नास वर्षं कुणाला कळलं नाही,
त्याचं काही अडलंही नाही.
दोन नंबर एकवीस. आठ नंबर तेवीस.
सरळ करायचा, शून्यावर आणायचा,
वर गॅस्केटचे एकोणचाळीस, आणि बस.

"अजून पाच काढ ना," रॉयस म्हणतो,
"पाचाने काय होतंय?"
व्हर्लिन हनुवटीने भिंतीकडे दाखवतो.
तिथे खिळ्याला ते हेड लटकतंय,
कोर अजून चमकते.
रॉयस कॉफी आणायला जातो.

आकडे मी मास्किंग टेपवर लिहून
ब्लॉकला चिकटवते.
व्हर्लिन मिलिंग मशीनशी उभा,
चष्मा कपाळावर सरकवून टेपच्या अगदी जवळ जातो.
"दोन नंबर एकोणतीस?"

मी बघते.
घाईत हात घरच्या वळणावर गेलाय.
२१.
आमचा एक त्याच्या नऊसारखा दिसतो.

आठ थाऊ.

टेप सोलून काढते, गोळी करते, खिशात टाकते.
नवा तुकडा फाडते.
त्याच्या आकड्यांत लिहिते, सावकाश,
आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावते.